एलोय सान्तिर्सोची जागा

मिस्टर क्वेकनी कागद फिरवून एलोयच्या पुढ्यात सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. कागदावर फुटबॉलच्या मैदानाचा आराखडा छापलेला होता.

"त्यांना म्हणावं, पुढच्या सीझनला जिथे खेळायला आवडेल तिथे खूण करा."

मिस्टर क्वेक क्लबचे जनरल मॅनेजर. एलोयशी बोलताना ते नेहमी शुभदाकडे बघून बोलत. शुभदाने ते वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. दुभाषी म्हणून तिची खुर्ची दोघांच्या मध्ये, पण वीतभर मागे असायची. पलीकडे कोच रहमत हाताची घडी घालून बसले होते.

एलोयने पेनाला हात लावला नाही.

"शुभदा, मी बोलतो ते जसंच्या तसं सांग," तो म्हणाला. "मी मधला बचावपटू आहे. सतरा वर्षं मला मैदानभर फिरवलं गेलं. आणखी एक वर्ष मी राहीन, पण मध्येच खेळेन. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कुणी जखमी झाला म्हणून दोन सामन्यांपुरतंही नाही. जमत नसेल तर डिसेंबरात घरी जातो. माझी काही तक्रार नाही."

वाक्यात अवघड असं काही नव्हतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनेही ते सहज पलीकडे पोचवलं असतं. शुभदा तर तिथून पहिल्या वर्गात बाहेर पडली होती आणि नंतर सहा वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत मेक्सिकोच्या लोकांचे फोन घेत होती.

तिने मिस्टर क्वेककडे पाहिलं. त्यांच्यासमोर एक फाईल होती आणि तिच्यावर दोन नावं होती. मधल्या बचावपटूसाठी जागा एकच उरली होती, हे तिला ठाऊक होतं. दुसरं नाव तिला उलट बाजूनेही वाचता येत होतं.

"ते म्हणतात, मधली जागा त्यांना सगळ्यात आवडते," ती इंग्रजीत म्हणाली. "तिथे खेळायला मिळालं तर आनंदच आहे. पण संघाला जिथे गरज असेल तिथे ते खेळतील."

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावरच तिला ऐकू आलं.

मिस्टर क्वेकचा चेहरा खुलला. रहमतनी हाताची घडी सोडली. "हेच मला या माणसाचं आवडतं," ते म्हणाले.

एलोयने मान वळवून शुभदाकडे पाहिलं. काय म्हणतात, असं तो विचारेल म्हणून ती थांबली. त्याने विचारलं नाही.

"ते खूश आहेत," तिनेच सांगून टाकलं. "एक वर्ष वाढवून देतायत."

करारपत्र फाईलमध्ये तयारच होतं. एलोयने पेन उचललं, थोडा वेळ नुसतंच धरून ठेवलं आणि मग सही केली. आनंद झाला असेल, पण दाखवायची सवय नाही बिचाऱ्याला, असं शुभदाला वाटलं.

ही गोष्ट २०१४ च्या नोव्हेंबरातली.

पुणेकर तोंडावर नाही म्हणण्यात पटाईत, असा त्यांचा लौकिक आहे. तो काही शुभदाच्या वाट्याला आला नव्हता. ती ज्या घरात वाढली तिथे पाहुणा म्हणून गेल्यावर चहा की सरबत असं कुणी विचारलं, तर "काहीही चालेल" एवढं एकच उत्तर मुलांना शिकवलेलं होतं. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं, आडनाव बदलायचं ना? चालेल. निशिकांतला सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टा भागातल्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याने विचारलं, सिंगापूरला जायचं का? चालेल. इथे ती नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर आली आणि पहिली तीन वर्षं सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये डबे, शाळा आणि कपड्यांच्या घड्या यांत गेली. स्पॅनिश ती कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना मनातल्या मनात बोलायची, विसरू नये म्हणून.

मग क्लबला दुभाषी हवा असल्याचं तिला कळलं. आलेल्या खेळाडूला इंग्रजी येत नव्हतं. काम आठवड्यातून चारच दिवसांचं, पण क्लबने तिच्यासाठी कामाचं परवानगीपत्र काढलं, गळ्यात अडकवायला फोटो असलेलं कार्ड दिलं. ते कार्ड ती घरी आल्यावरही बराच वेळ काढत नसे, असं निशिकांत चिडवायचा. एलोय गेला की कार्ड गेलं, हा हिशेब तिच्या डोक्यात त्या दिवशी नव्हता असं म्हणणं खोटं होईल. होता. पण तेवढाच नव्हता. हा भला माणूस आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतोय, आणि आपण तो धोंडा उचलून त्याच्या हातात देतोय, असं तिला झालं होतं.

एलोयची सगळी कारकीर्द तिला पाठ होती. सामन्याच्या पुस्तिकेसाठी त्याची माहिती तिनेच इंग्रजीत लिहून काढली होती. उत्तर स्पेनमधल्या कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यातलं गाव. तिथल्या संघात अठराव्या वर्षी तो बचावाच्या अगदी मध्यभागी उभा राहिला आणि पाच महिने तिथे खेळला. मग उजवीकडच्या खेळाडूचा पाय मोडला. कोच म्हणाले, दोन सामन्यांपुरता तू जा तिकडे. ते दोन सामने दोन वर्षं चालले. पुढच्या क्लबने त्याला उजवीकडचा म्हणून घेतलं आणि डावीकडे उभं केलं, कारण त्यांच्याकडे डावीकडे कुणी नव्हतं. ग्रीसमध्ये तो बचाव सोडून पुढच्या फळीला चेंडू पुरवत होता. सायप्रसमध्ये गोलकीपरला बाहेर काढल्यावर अठरा मिनिटं त्याने गोल राखला, आणि तोही चांगला. मग हाँगकाँग, मग इथे. नऊ क्लब. सगळीकडून निघताना त्याला एकच प्रशस्तिपत्र मिळालं, की असा गुणी माणूस नाही, कुठेही घाला.

"आमच्याकडे अशा माणसाला बटाटा म्हणतात," शुभदाने त्याला एकदा सांगितलं होतं. "कुठल्याही भाजीत चालतो."

"म्हणजे त्याची स्वतःची भाजी होत नाही."

"होते की! लग्नाच्या पंगतीतसुद्धा असते."

"खरंच?" एलोयने विचारलं होतं, आणि मग स्वतःशीच हसला होता.

तो हसरा होता. रहमतनी काही विनोद केला की शुभदाचं भाषांतर पुरं व्हायच्या आत तो हसायचा. आपला चेहराच बोलका असावा, असा अर्थ तिने त्यातून काढला होता.

सही झाली त्या दिवशी जेवताना तिने घरी सगळं सांगितलं. आमटी वाढता वाढता, थोडं तिखटमीठ लावून.

"म्हणजे नोकरी वाचवलीस तू त्याची," निशिकांत म्हणाला. "पेढे द्यायला पाहिजेत त्याने."

तेरा वर्षांची इरा फोन बाजूला ठेवून ऐकत होती.

"बट आई, ही सेड नो, व्हॉट."

"अगं, तो रागाच्या भरात बोलतो. मनात तसं नसतं."

"हाऊ यू नो? नो मीन्स नो, लाह. यू कान्ट एनीहाऊ चेंज."

"तू जेव गुपचूप. इथल्या शाळेत हेच शिकवतात का, मोठ्यांच्या मध्ये बोलायला?"

इराने खांदे उडवले आणि पापड मोडला. निशिकांतने विषय बदलला. शुभदाने मात्र त्या रात्री कोशिंबिरीत मीठ दोनदा घातलं होतं, ती सगळ्यांनी मुकाट्याने खाऊन संपवली.

जानेवारीत सराव सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात कोरियाहून आलेला एक उंच, मितभाषी खेळाडू, फाईलवरचं ते दुसरं नाव, बचावाच्या मध्यभागी उभा राहिला. एलोय डावीकडे. सरावाचे चार सामने झाले, चारही वेळा एलोय डावीकडे. शुभदा रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याजवळ उभी असायची. तिच्या समोरूनच तो वर जायचा, खाली यायचा, एका अंगाला रेषा आणि जाहिरातींचे फलक. खेळत होता उत्तम. वाईट खेळायला त्याला येतच नव्हतं, हीच त्याची अडचण होती.

चौथ्या सामन्यानंतर तिने धीर करून रहमतना गाठलं.

"कोच, एलोयना मध्ये कधी खेळवणार?"

रहमत गोंधळले. "मध्ये? मध्ये मी मुद्दाम नवा माणूस आणला. एलोय कुठेही खेळतो म्हणाला ना? तूच तर सांगितलंस. म्हणून तर मला ती जागा दुसऱ्याला देता आली."

"हो," शुभदा म्हणाली. "मीच सांगितलं."

इतके दिवस ती स्वतःची समजूत घालत होती, की एक गोड वाक्य जास्तीचं बोललो, त्याने कुणाचं काय गेलं? आता ते वाक्य सहा फूट दोन इंच उंचीचं होऊन मैदानाच्या मधोमध उभं होतं, आणि क्लबने त्याला विमानाचं तिकीट काढून बोलावलं होतं.

स्टेडियमच्या मागे एक हॉकर सेंटर होतं, एका छपराखाली खाण्याचे छोटे छोटे गाळे. दुपारच्या सरावानंतर एलोय तिथे चिकन राइस खायचा. शुभदा लिंबाचं सरबत घेऊन त्याच्यासमोर बसली. पहिल्या दिवशी तिने त्याला रानडेत शिकवल्याप्रमाणे अहोजाहो केलं होतं, तेव्हा तो इतका हसला होता की तेव्हापासून दोघंही सरळ अरेतुरेवर आली होती.

"एलोय, मला तुला एक सांगायचंय. नोव्हेंबरातल्या त्या मीटिंगमध्ये तू जे म्हणालास ते मी सांगितलं नाही. म्हणजे, सांगितलं थोडं. पण शेवटी एक वाक्य माझ्या पदरचं घातलं."

एलोयने चमचा ताटलीत ठेवला.

"संघाला जिथे गरज असेल तिथे ते खेळतील," तो म्हणाला.

हे तो इंग्रजीत म्हणाला. स्वच्छ, न अडखळता. तिचंच वाक्य, तिच्याच शब्दांत.

शुभदाने सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"सायप्रसमध्ये मी चार वर्षं होतो," एलोय पुन्हा स्पॅनिशवर आला. "तिथे ड्रेसिंग रूममध्ये अकरा देशांची माणसं. इंग्रजी सोडून बोलणार काय?"

"मग मला कशाला ठेवलंस?"

शेजारच्या टेबलावरची बाई ट्रे उचलून निघून गेली.

"ग्रीसमध्ये, सायप्रसमध्ये, हाँगकाँगमध्ये, तिन्हीकडे मी माझं मीच बोललो. तिन्ही वेळा नाही म्हणायचं ठरवून आत गेलो आणि हो म्हणून बाहेर आलो. समोरचा माणूस हसून बोलतो, पाठीवर हात ठेवतो, आणि माझ्या तोंडून आपोआप होकार जातो. मला वाटलं, मध्ये कुणीतरी असावं. ज्याला काही देणंघेणं नाही असं. तो माझा नकार घेईल आणि पलीकडे ठेवेल. म्हणून इथे सांगितलं की इंग्रजी येत नाही."

"आणि नेमकी मी मिळाले."

"नेमकी तू मिळालीस."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं शुभदाला वाटलं. तिला तिथेच रडू येईल की काय अशी भीती वाटली, आणि सरबताच्या ग्लासातला बर्फ ती स्ट्रॉने विनाकारण हलवत राहिली.

"पण मग तू सही का केलीस? तुला कळलं होतं ना मी काय बोलले ते?"

"कळलं होतं. पण एव्हाना सगळे हसत होते. पेन हातात होतं." त्याने खांदे वर केले. "दहाव्यांदा केली."

"मध्ये काय आहे एवढं?" तिने विचारलं. हे तिने त्याला कधीच विचारलं नव्हतं.

"मध्ये उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं. कडेला अर्धंच दिसतं. माझ्या एका खांद्याला सतरा वर्षं भिंत आहे. खेळ सोडण्याआधी एक वर्ष मला सगळं बघायचं होतं. इथे नाही तर गावाकडे. तिथे माझ्या मेहुण्याचं टायरचं दुकान आहे, मी कामाला जाईन. रविवारी गावचा संघ खेळतो. पैसे देत नाहीत, पण मध्ये उभं करतील."

लीगसाठी खेळाडूंची नोंदणी शुक्रवारी बंद होणार होती. एकदा नाव गेलं की वर्षभर सुटका नव्हती.

"उद्या मी मिस्टर क्वेकना भेटते," शुभदा उठत म्हणाली. "खरं काय ते सांगते. तू फक्त ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं पुन्हा त्याच टेबलाभोवती बसले. शुभदाने आपली खुर्ची वीतभर पुढे ओढून घेतली.

"नोव्हेंबरात मी चुकीचं भाषांतर केलं," ती म्हणाली. "चुकून नाही, माझ्या मनाने. संघाला गरज असेल तिथे खेळतील, हे एलोय म्हणालेच नव्हते."

मिस्टर क्वेकनी कॉफीचा कप खाली ठेवला. "मग काय म्हणाले होते?"

तिने सांगितलं. मधला बचावपटू, सतरा वर्षं, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, दोन सामन्यांपुरतंही नाही, नाहीतर डिसेंबरात घरी. ज्या क्रमाने तो बोलला होता त्याच क्रमाने. तिचा आवाज मध्येच बारीक झाला, पण थांबला नाही.

रहमत भडकले. "आता सांगतेयस? दुसरा माणूस येऊन बसलाय. यांच्या शब्दावर मी अख्खा संघ बांधला!"

"यांच्या नाही, माझ्या," शुभदा म्हणाली.

मिस्टर क्वेकनी हात वर करून रहमतना थांबवलं. इतकी वर्षं क्लब चालवलेला माणूस, त्याला आरडाओरडा परवडत नाही. ते एलोयकडे वळले, छान हसले, आणि टेबलावरून हात लांब करून त्याच्या दंडावर ठेवला.

"त्यांना सांग, झालं गेलं विसरू. आम्हाला ते हवे आहेत. त्यांच्याएवढा डावीकडे खेळणारा अख्ख्या लीगमध्ये कुणी नाही. हे एक वर्ष सांभाळून घ्या, मग पुढचं आपण बसून ठरवू. जमेल ना? कॅन, आह?"

शुभदाने शब्दन् शब्द स्पॅनिशमध्ये सांगितला, हसण्याचासुद्धा सूर न बदलता.

एलोय आपल्या दंडावरच्या हाताकडे बघत होता. मग खालच्या आवाजात, स्पॅनिशमध्ये म्हणाला, "जाऊ दे. ठीक आहे म्हणून सांग. डावीकडे चालेल."

आता भाषांतर करण्यासारखी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. त्याचेच शब्द होते, तिला पदरचं काहीही घालायचं नव्हतं. सगळे खूश झाले असते, कार्डही गळ्यात राहिलं असतं. आणि शुभदाला एकदम संताप आला. इतका, की स्वतःचाही तिला इतका आला नव्हता.

"हे मी सांगणार नाही," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "हो म्हणायला तुला माझी गरज नाही. ते तुला इंग्रजीत चांगलं जमतं."

एलोयचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाले ते?" मिस्टर क्वेकनी विचारलं.

"त्यांचं उत्तर ते स्वतः देतील," शुभदा इंग्रजीत म्हणाली. "त्यांना इंग्रजी येतं. माझ्यापेक्षा चांगलं असेल."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण आपल्याच नोकरीवर पाणी सोडलं. रहमत आ वासून एकदा तिच्याकडे, एकदा एलोयकडे बघत होते. मिस्टर क्वेकनी हात मागे घेतला.

एलोयने शुभदाकडे पाहिलं. ती मदत करेल अशा आशेने असावं. तिने नजर खाली, स्वतःच्या हातांवर ठेवली. खोलीत कुणीच कुणाला सोडवत नव्हतं.

"मी मध्ये खेळेन," एलोय इंग्रजीत म्हणाला. "मध्ये नाही, तर घरी जाईन."

मिस्टर क्वेकनी ते ऐकलं होतं. चार हातांवरून म्हटलेलं, साधं, सरळ इंग्रजी वाक्य. तरीही वर्षभराच्या सवयीने त्यांची मान शुभदाकडे वळली.

"काय म्हणाले?"

"मध्ये खेळेन म्हणतायत," शुभदाने सांगितलं. "मध्ये नाही, तर घरी जाईन."

आणि तिने तोंड मिटून घेतलं.